घोड्याचा दम आणि घोड्याचे हाड

मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावर इंडियन डर्बीची शर्यत २४०० मीटरांची असते, आणि दाण्यापाण्याची कसलीही उणीव न ठेवता वाढवलेले देशातील उत्तमोत्तम घोडे ती सुमारे अडीच मिनिटांत संपवून परत येतात तेव्हा त्यांच्या नाकपुड्या फुललेल्या असतात, अंगातून वाफा निघत असतात, आणि त्याच वेगाने आणखी तेवढेच अंतर धावण्याची ताकद त्यांच्यापैकी एकातही उरलेली नसते, हे शर्यत जवळून पाहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे. तिकडे कॅलिफोर्नियात, ताहो सरोवराजवळच्या रानातून निघून सिएरा नेवाडाचे कडे आणि दऱ्या ओलांडीत ऑबर्न या गावी संपणारी टेव्हिस कप नावाची एक स्वारी दर उन्हाळ्यात, शक्यतो पौर्णिमेच्या सुमारास, निघत असते, आणि तिच्यात घोडे १०० मैल, म्हणजे सुमारे १६० किलोमीटर, २४ तासांच्या आत पार करतात. १९५५ साली वेंडेल रॉबी या ऑबर्नच्या गृहस्थाने, आजचा घोडाही एका दिवसात शंभर मैल जाऊ शकतो हे सिद्ध करण्यासाठी, मोजक्या सोबत्यांसह ही स्वारी प्रथम केली, आणि आज जगभर ‘एन्ड्युरन्स रायडिंग’ या नावाने चालणाऱ्या लांब पल्ल्याच्या स्वारीचा आधुनिक प्रारंभ तेथून धरला जातो.

प्राणी तोच, चार पाय तेच, चाराही थोड्याफार फरकाने तोच. मग एकाचा दम अडीच मिनिटांत का सरतो आणि दुसऱ्याचा दिवसभर कसा पुरतो? या छंदात नव्याने पाऊल टाकू पाहणाऱ्याने खोगिराची चौकशी करण्यापूर्वी या प्रश्नाचे उत्तर समजून घ्यावे, कारण पुढे ज्या ज्या गोष्टी त्याला कराव्या लागतात, आणि विशेषतः ज्या ज्या गोष्टी मोहाच्या क्षणी टाळाव्या लागतात, त्या सर्वांचे मूळ या उत्तरात आहे.

पाला आणि गोवरी

चुलीत वाळका पाला टाकला तर क्षणात भडका उडतो आणि क्षणात राख होते. गोवरी सावकाश पेटते, परंतु एकदा पेटली म्हणजे तासन् तास धुमसत राहते. घोड्याच्या शरीरातही अशी दोन प्रकारची इंधने आहेत. ग्लायकोजेन नावाची साखर स्नायूंत साठवलेली असते. ती प्राणवायूची वाट न पाहताही जळू शकते आणि भरधाव दौडीला लागणारी शक्ती तत्काळ देते, पण तिचा साठा मर्यादित असून तो एकदा संपला की भरून येण्यास दिवस लागतात. दुसरे इंधन चरबीचे. तिचा साठा विपुल असतो, मात्र ती जाळण्यास प्राणवायूचा अखंड पुरवठा लागतो, आणि म्हणून हृदयाचे ठोके मिनिटाला साधारण दीडशेच्या आत असतील अशाच चालीत, म्हणजे बेताच्या दुडकीत, ती मुख्यत्वे कामास येते.

या दोहोंखेरीज घोड्याजवळ एक तिसरी तरतूद असते व ती आपल्याला नाही. त्याच्या मोठ्या आतड्यांत, ज्यांची समाई शंभर लिटरच्या आसपास असते, खाल्लेली वैरण कुजत, आंबत असते. तेथील सूक्ष्म जंतू तिच्यापासून जी आम्ले तयार करतात ती कित्येक तास रक्तात मिसळत राहून त्याला पोसतात, आणि त्याच गवताने धरून ठेवलेले पाणी वाटेत हळूहळू शरीराला मिळत जाते. लांब पल्ल्याच्या घोड्याला आदल्या रात्री पोटभर गवत घालण्याचा जो शिरस्ता आहे, तो या कारणास्तव.

दमाच्या हिशेबात आणखी एका अवयवाची नोंद केली पाहिजे, तो म्हणजे प्लीहा, जिला आपल्याकडे पांथरी म्हणतात. उभ्या घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला अवघे तीस-चाळीस पडतात आणि पराकाष्ठेच्या श्रमात ते दोनशे वीसच्याही वर जातात. परंतु केवळ पंप जोराने चालवून भागत नाही, पंपात वाहणारा द्रवही कसदार हवा. घोड्याची पांथरी तांबड्या रक्तपेशींची मोठी गंगाजळी शिलकीत ठेवते आणि श्रम सुरू होताच आकुंचन पावून ती रक्तात ओतते, त्यामुळे विश्रांतीच्या वेळी रक्तात साधारण चाळीस टक्के असलेले पेशींचे प्रमाण साठाच्या पुढे जाते.

घाम आणि तहानेची फसगत

स्नायूंत जळणाऱ्या इंधनापैकी सुमारे चतुर्थांश शक्ती पाय पुढे टाकण्यात खर्च होते आणि उरलेली उष्णता होऊन शरीरातच राहते. ही उष्णता बाहेर टाकायची ती मुख्यतः कातडीवाटे, आणि येथे घोड्याची अडचण मोठ्या हंड्यासारखी आहे: पेल्यातले पाणी लवकर निवते, हंड्यातले निवत नाही, कारण आतल्या मानाने वरचा पृष्ठभाग कमी. वजनाच्या मानाने पाहिले तर घोड्याच्या वाट्याला माणसाच्या निम्म्याहूनही कमी कातडी येते. म्हणून त्याला घाम फार गाळावा लागतो. कडक उन्हात आणि नेटाच्या श्रमात तो तासाला दहा-पंधरा लिटरपर्यंत जाऊ शकतो. माथेरानच्या चढावर घोड्याच्या मांड्यांमध्ये किंवा लगामाखाली जो पांढरा फेस पुष्कळांनी पाहिला असेल, तोही याच यंत्रणेचा भाग आहे. त्याच्या घामात लॅथरिन नावाचे साबणासारखे वागणारे एक प्रथिन असते; ते नसते तर तेलकट केसांवरून घामाचे थेंब नुसते ओघळून गेले असते. लॅथरिनमुळे घाम केसांच्या टोकापर्यंत पसरतो आणि तेथून उडून जाताना अंग थंड करतो.

परंतु या घामात एक खोट आहे आणि नवशिक्या स्वाराने ती नीट ध्यानात घ्यावी. आमटी चुलीवर आटत ठेवली तर पाणी उडते, मीठ मागे राहते, आणि उरलेली आमटी खारट होत जाते. माणसाच्या घामाने रक्ताची हीच गत होते, रक्त खारट झाले की मेंदूला वर्दी पोचते आणि आपल्याला तहान लागते. आता त्याच पातेल्यातून पळीपळीने आमटीच काढून घेतली तर? पातेले अर्धे होईल, पण चव पहिलीच राहील. घोड्याचा घाम रक्ताइतका किंवा त्याहूनही खारट असल्यामुळे त्याच्या शरीरातून पाणी आणि क्षार बरोबरच निघून जातात, रक्ताची चव बदलत नाही, आणि बादल्याच्या बादल्या पाणी गमावलेला घोडा ओढ्याच्या काठी निर्विकार उभा राहून पाण्याला तोंड लावीत नाही. तो पीत नाही म्हणजे त्याला गरज नाही, हे अनुमान कित्येक घोड्यांच्या जिवावर बेतले आहे. जाणते स्वार वाटेतल्या प्रत्येक पाणवठ्यावर थांबतात, घाई न करता उभे राहतात, वैरण भिजवून घालतात, आणि क्षारांची पूड बेताने देतात. मात्र पाणी न प्यालेल्या घोड्याच्या घशात नुसते क्षार कोंबीत नाहीत, कारण ते पचवण्यास शरीरातले पाणी आतड्याकडे ओढले जाते.

क्षारांपैकी चुन्याचे, म्हणजे कॅल्शियमचे, प्रमाण फार उतरले तर एक विलक्षण प्रकार घडतो. श्वासपटलाला हुकूम देणारी मज्जातंतूची दोरी हृदयाजवळून जाते. ती इतकी हळवी होते की हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी श्वासपटलही आचके देऊ लागते, आणि घोड्याच्या कुशीत उचकीसारखी धडधड उघड दिसते. असा घोडा तत्क्षणी स्वारीतून बाद होतो.

मुक्कामावरचे घड्याळ

१८९२ साली ऑस्ट्रियन आणि जर्मन लष्करी अधिकाऱ्यांत व्हिएन्ना आणि बर्लिन यांच्या दरम्यान सुमारे ५८० किलोमीटरांची अहमहमिकेची स्वारी झाली. काउंट स्टारेंबर्ग याने ती सुमारे ७१ तासांत जिंकली, आणि त्याचा घोडा पाठोपाठ मेला. इतरही कित्येक घोडे मेले. तेथे घड्याळ होते, पंच होते, बक्षीस होते. घोड्याच्या वतीने बोलणारा मात्र कोणी नव्हता. घोडा स्वतः बोलत नाही एवढेच नव्हे, तो कळपाचा प्राणी असल्यामुळे पुढचा पळाला की हाही पळतो, अंगात त्राण नसतानाही कान टवकारून पळतो, आणि त्याची ही आज्ञाधारकताच त्याचा घात करते.

आजच्या लांब पल्ल्याच्या स्वारीची रचना या एका गोष्टीभोवती झालेली आहे. वाट मजलांत विभागलेली असते. प्रत्येक मजलेच्या शेवटी पशुवैद्यांचा मुक्काम असतो, आणि तेथे पोचलेल्या स्वाराच्या सक्तीच्या विश्रांतीची मुदत तो पोचल्या क्षणापासून मोजली जात नाही. घोड्याच्या हृदयाचे ठोके ठरलेल्या संख्येपर्यंत, बहुधा साठ ते चौसष्टपर्यंत, उतरले म्हणजे मगच ती सुरू होते. याचा परिणाम मोठा मनोज्ञ आहे. शेवटचा अर्धा किलोमीटर भरधाव आलेला स्वार पाच मिनिटे आधी पोचतो आणि घोडा निववण्यात पंधरा मिनिटे घालवतो. तेच अंतर खोगिरावरून उतरून, तंग सैल करून, लगाम हाती धरून पायी चालत आलेल्याचा घोडा येताच तपासणीस रुजू होतो आणि पहिल्याच्या आधी मार्गस्थ होतो. अमेरिकेत २५ ते ३५ मैलांच्या नवशिक्यांच्या स्वारीत तर हा नियम शेवटच्या रेषेलाही लागू आहे: रेषा ओलांडल्याची वेळ तेथे समाप्तीची धरीत नाहीत, ठोके साठावर उतरल्याची वेळ धरतात. मला या क्रीडेचा सर्व नियमसंग्रह एका बाजूला आणि हा एक नियम दुसऱ्या बाजूला ठेवावासा वाटतो.

घोडा निववण्यासाठी मानेवर, छातीवर आणि पायांवर पाणी ओतत राहावे. तापलेल्या स्नायूंवर थंड पाणी टाकले तर ते आखडतात, अशी समजूत पागांतून पुष्कळ काळ चालत आली होती. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या निमित्ताने, तेथील दमट उन्हाळ्याच्या धास्तीने, जे प्रयोग झाले त्यांनी ती खोडून काढली.

> चौकट : पशुवैद्य काय पाहतो?
>
> ठोके : डाव्या कोपराच्या मागे नळी लावून मोजतात. मग घोड्याला सव्वाशे फूट दुडकत नेऊन तसेच परत आणतात आणि दुडकी सुरू झाल्यापासून मिनिटाने पुन्हा मोजतात. दुसरी संख्या पहिलीइतकी किंवा कमी भरली तर ठीक; वाढलेली दिसली तर शीण किंवा कोठेतरी वेदना आहे.
>
> हिरडी : बोटाने दाबून सोडली की पांढरा डाग दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हावा.
>
> कातडी : चिमटीत धरून सोडल्यावर लगेच सपाट व्हावी. सुरकुती उभी राहिली तर पाणी कमी पडले आहे.
>
> पोट : दोन्ही कुशींत आतड्यांचा गडगडाट ऐकू यावा. शांत पोट हे वाईट लक्षण होय.
>
> चाल : सरळ रेषेत, सैल दोरीवर दुडकत नेताना चारही टापांचा ताल सारखा पडावा. लंगडणारा घोडा बाद.
>
> पाठ : खोगिराखाली आणि तंगाखाली सूज, ओरखडा किंवा दुखरी जागा नसावी.

हाडाला लागणारी मुदत

आता मुख्य मुद्दा. घोड्याला नित्य चालवू लागले म्हणजे त्याचे हृदय आणि फुप्फुसे फार लवकर तयार होतात. दोन-तीन महिन्यांत तो चढावर धापा टाकीनासा होतो, मोजलेले ठोके भराभर उतरू लागतात, आणि धन्याला वाटते की घोडा तयार झाला. स्नायूंना याहून थोडा अधिक काळ लागतो. गुडघ्याखालच्या पायात मात्र मांसल स्नायू जवळजवळ नसतातच. तेथे हाडे, सांधे आणि दोरखंडासारख्या कंडरा असतात. कंडरांना रक्ताचा पुरवठा तुटपुंजा असल्याने त्यांना कणखर होण्यास वर्ष-सहा महिने, आणि हाडांना एक ते तीन वर्षे लागतात.

हाडाला इतकी दीर्घ मुदत का लागावी, हे जुन्या वाड्याची भिंत दुरुस्त होताना पाहिली असेल त्याला सहज कळेल. गवंडी आधी खचलेल्या विटा काढतो आणि मग नव्या बसवतो. काढणे चार दिवसांत होते, बांधणे महिनाभर चालते, आणि मधल्या काळात ती भिंत पूर्वीपेक्षाही नाजूक असते. हाडावर नवा भार पडू लागला की शरीर तेथे अगदी हेच करते: काही पेशी जुने हाड पोखरून काढतात आणि त्यांच्यामागून दुसऱ्या पेशी अधिक भक्कम हाड सावकाश रचीत येतात. मेहनत सुरू करून काही आठवडे लोटल्यावर, म्हणजे नेमका ज्या सुमारास घोड्याचा दम वाढून तो पळण्यास उतावीळ झालेला असतो त्या सुमारास, त्याच्या पायाच्या हाडात हे काम अर्धवट उघडे पडलेले असते. म्हणून माझे मत असे की धोका अगदी कच्च्या घोड्याला तितका नाही, कारण तो दमून स्वतःच थांबतो. खरा धोका आहे तो अर्धवट तयार झालेल्या घोड्याला, ज्याची छाती पायांच्या पुढे निघून गेली आहे.

वयाचे नियमही याच हिशेबाने घातलेले आहेत. अमेरिकन एन्ड्युरन्स राइड कॉन्फरन्स या संघटनेच्या नियमाप्रमाणे २५ मैलांच्या स्वारीसाठी घोडा किमान चार वर्षांचा आणि ५० मैलांसाठी पाच वर्षांचा पाहिजे, आणि टेव्हिससाठी सहा वर्षे पुरी झालेली असावी लागतात. घोड्याच्या कण्यातील वाढीच्या जागा पाच-साडेपाच वर्षांपर्यंत पुरत्या भरून येत नाहीत हे लक्षात घेतले म्हणजे या अटी जाचक वाटत नाहीत. सपाट वाळवंटी रस्त्यांवर वेगासाठी वेग वाढत गेला तेव्हा घोड्यांचे पाय मोडू लागले, आणि २०१५ साली आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाला संयुक्त अरब अमिरातींची राष्ट्रीय संघटना अश्वकल्याणाच्या प्रश्नावरून काही महिने निलंबित करावी लागली. शंभर मैल पुरे करू शकणारी छाती असूनही हाड मोडते, याचा याहून ठळक दाखला शोधण्याची गरज नाही.

पहिली स्वारी बारगिरीची

मराठी फौजेत स्वतःचा घोडा बाळगणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, असा भेद होता. ज्याला या छंदाचा प्रारंभ करावयाचा आहे त्याने पहिले काही महिने बारगीर व्हावे, इतकेच नव्हे तर त्याआधी एक-दोन स्वाऱ्यांना नुसते मोतद्दार म्हणून जावे: मुक्कामावर पाण्याच्या बादल्या वाहाव्या, दुसऱ्याच्या घोड्याचे ठोके मोजावे, वैरण भिजवावी. नंतर ज्याने ही वाट अनेकदा तुडवली आहे अशा वयस्क, शांत घोड्यावर बसण्याची मुभा कोणी देईल तर ती घ्यावी, कारण असा घोडा स्वाराला जे शिकवतो ते शिकवण्यास माणसाजवळ धीर नसतो.

स्वतःचा घोडा घेताना जातीचा बाऊ करू नये. या क्षेत्रात अरबी रक्ताचे वर्चस्व आहे हे खरे, आणि त्याची कारणेही उघड आहेत: बेताचा बांधा, पातळ कातडी, सडपातळ स्नायू, म्हणजे वर सांगितलेल्या हंड्याऐवजी लहान भांडे. भीमेच्या काठी अरबी-तुर्की घोडे आणि डोंगरी तट्टे यांच्या संकरातून जी भीमथडीची जात निपजली आणि मराठ्यांच्या दूरवरच्या मोहिमांत उपयोगी पडली, तिचा बांधाही असाच लहान आणि घट्ट होता. परंतु निरोगी पाय, मजबूत खूर आणि शांत स्वभाव असलेला कोणताही घोडा २५ मैलांची स्वारी करू शकतो.

तयारीचा क्रम असा ठेवावा. आठवड्यातून तीन-चार दिवस, प्रारंभी पाच-सात किलोमीटर साध्या चालीने. मग त्यात थोडी थोडी दुडकी मिसळावी, आणि पुढे एकतर अंतर वाढवावे किंवा वेग, पण दोन्ही एकाच आठवड्यात कधीही वाढवू नयेत. विश्रांतीचे दिवस मेहनतीइतकेच काटेकोर पाळावे, कारण वर सांगितलेले गवंडीकाम त्या दिवसांत होते. पूर्वीपासून नित्य फिरवला जाणारा प्रौढ घोडा असा तीन महिन्यांत पहिल्या सावकाश २५ मैलांना उतरतो. या स्वारीला सहा तासांची मुदत असते. मुक्कामाचा वेळ वजा जाता पाचएक तासांत ४० किलोमीटर, म्हणजे तासाला आठ. साध्या चालीचा वेग तासाला सहा आणि बेताच्या दुडकीचा बारा-तेरा धरला, तर दोहोंच्या मिश्रणाने हे अंतर घाई न करता पुरे होते, आणि त्यात उतरणीवर पायउतार होऊन चालण्यासही वेळ उरतो.

दुडकीत घोड्याचे कर्णरेषेतले पाय जोडीने पडतात आणि स्वार त्या तालावर उठतो-बसतो. नवशिक्या नकळत नेहमी एकाच जोडीवर बसतो, आणि मैलोगणती त्याचा सर्व भार त्या एका जोडीला सोसावा लागतो. म्हणून ठराविक अंतराने एक ताल जास्त बसून जोडी बदलावी. परत आल्यावर खोगीर काढताच खाली पाहावे. घामाने सर्वत्र सारखी भिजलेली पाठ असावी. मध्येच कोरडा ठिपका राहिला असेल तर तेथे खोगीर इतके दाबते आहे की घामाच्या ग्रंथीही कोंडल्या आहेत, असे समजून दुसऱ्या खोगिराची तजवीज करावी. खरारा करताना रोज दोन्ही हातांनी चारही पाय गुडघ्यापासून खुरापर्यंत चाचपावे, कारण कंडरेची दुखापत लंगडण्याच्या पुष्कळ आधी उबेने कळते.

भारतीयांना ही वाट अनोळखी राहिलेली नाही. केरळातील निदा अंजुम हिने २०२४ साली फ्रान्समधील मॉनपाझिए येथे १६० किलोमीटरांची जागतिक अजिंक्यपदाची स्वारी पूर्ण केली. ‘पूर्ण केली’ या शब्दांचे मोल या क्रीडेत फार आहे. १९७२ साली स्थापन झालेल्या अमेरिकन एन्ड्युरन्स राइड कॉन्फरन्सचे ब्रीदच असे आहे की पूर्ण करणे म्हणजे जिंकणे. टेव्हिसला निघालेल्या घोड्यांपैकी निम्म्याच्या आसपासच ऑबर्नला पोचून उत्तीर्ण होतात, आणि तेथे चांदीच्या बकलाचा मान पहिल्याला तसाच चोविसाव्या तासाला पोचलेल्यालाही मिळतो, मात्र घोडा त्यानंतरही चालण्यास समर्थ असल्याचा दाखला पशुवैद्याने दिला पाहिजे.

प्रारंभ करणाऱ्यांना एवढीच विनंती, की घोड्याची एक नोंदवही ठेवावी. तारीख, अंतर, खोगीर उतरवताच मोजलेले ठोके, दहा मिनिटांनी मोजलेले ठोके, प्यालेले पाणी, चारही पायांना हात लावून जाणवलेली ऊब, इतके रकाने तिच्यात पुरेत. वेगाचा रकाना पहिल्या वर्षी आखू नये.